निजलेल्या अवजाराची राखण

साहित्याच्या अभ्यासकाला खिडकी नवी नाही. जॉर्ज हर्बर्टच्या १६३३ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात खिडक्यांवर एक स्वतंत्र कविता आहे. बोदलेरच्या मृत्यूनंतर, १८६९ साली, ग्रंथरूपाने आलेल्या गद्यकवितांमध्येही खिडक्यांवर एक रचना आहे. आपल्या वर्गांतही खिडकी वारंवार येते, ती बहुधा आत आणि बाहेर यांमधली सीमारेषा म्हणून, पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या नात्याची खूण म्हणून. या सगळ्या विवेचनात काच पारदर्शक आहे हे आपण मुळातच गृहीत धरलेले असते. कोणीतरी ती पुसलेली असते, हे मात्र आपल्या टिपणांत कुठे येत नाही.

उत्तर इंग्लंडमधल्या किंवा स्कॉटलंडमधल्या एखाद्या लहान गावातली जानेवारीची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणावी. चार वाजून गेले की अंधारून येते. दिवसभर लोकांच्या खिडक्या पुसून घरी आलेला माणूस जेवायला बसण्याआधी पुन्हा बाहेर पडतो. व्हॅनचे मागचे दार उघडून तो पाइपांतले पाणी काढून टाकतो, झडपा उघड्या ठेवतो, पंपावर जुने पांघरूण घालतो, घरातून ओढून आणलेल्या वायरीवर लहानसा हीटर लावतो. लांब दांडे आणि पाइपाचे रीळ उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवतो. निजण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहतो, आणि पहाटे जाग आलीच तर हीटर चालू आहे ना, याची खिडकीतून खात्री करून घेतो. हा सगळा खटाटोप व्हॅनमधले पाणी रात्रीत गोठू नये म्हणून. या कामाचे त्याला कोणी पैसे देत नाही, आणि त्याच्या धंद्याचा इतिहास कोणी लिहायला घेतलाच तर त्यातही या कामाला जागा मिळेल असे वाटत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही धास्ती परकी आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकण झाले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. गोठलेले पाणी ही आपल्याकडे बातमी असते, आणि तीही कौतुकाची. म्हणून या रात्रीच्या कामाचा इतिहास थोडा मागे जाऊन, काचेपासूनच सुरू करणे बरे.

इंग्लंडमध्ये १६९६ पासून घराच्या खिडक्या मोजून कर घेतला जाई. तो चुकवण्यासाठी लोकांनी विटांनी बुजवलेल्या खिडक्या जुन्या घरांच्या भिंतींवर आजही दिसतात. काचेवर निराळा अबकारी कर होता. तो १८४५ साली उठला आणि १८५१ साली खिडकीपट्टीही रद्द झाली. त्याच वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. त्याला सुमारे तीन लाख काचा लागल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काच स्वस्त झाली, खिडक्या मोठ्या झाल्या, दुकानांच्या दर्शनी भिंती काचेच्या झाल्या. त्याच शहरांची हवा कोळशाच्या धुराने काळवंडलेली होती. जिथे काच सर्वांत जास्त लागली, तिथेच ती सर्वांत लवकर मळत होती. खिडक्या पुसण्याचा स्वतंत्र धंदा या विसंगतीतून वाढला.

त्यापूर्वी हे काम घरातल्या नोकरांचे, विशेषतः मोलकरणींचे होते. काचेची बाहेरची बाजू पुसायची म्हणजे खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर उभे राहायचे. याचा पुरावा कादंबऱ्यांपेक्षा कायद्याच्या पुस्तकात अधिक स्पष्ट मिळतो. १८४७ च्या ‘टाउन पोलिस क्लॉजेस ॲक्ट’ या कायद्याच्या २८ व्या कलमात रस्त्यावरच्या उपद्रवांची लांबलचक यादी आहे. तळघराची खिडकी सोडून इतर कोणत्याही खिडकीच्या कठड्यावर, ती पुसण्यासाठी किंवा रंगवण्यासाठी, नोकराला उभे राहायला सांगणारा किंवा तसे करू देणारा घरमालक त्या यादीत गुन्हेगार ठरवला आहे. दंड जास्तीत जास्त चाळीस शिलिंग. वरच्या मजल्याच्या खिडकीत नीट न अडकवता ठेवलेली फुलझाडाची कुंडी हा गुन्हाही त्याच कलमात आहे. कुंडी आणि मोलकरीण ही दोन्ही कायद्याला एकाच वर्गातली दिसली, कारण त्याच्या नजरेपुढे खाली रस्त्यावरून जाणारा माणूस होता. पडणाऱ्याची काळजी त्यात असली, तरी ती ओघाने आलेली आहे. काचेमागच्या श्रमाची इतिहासात नोंद होते ती अशी, उपद्रव म्हणून.

पुढे हे काम शिडी आणि बादली घेऊन दारोदार फिरणाऱ्या स्वतंत्र माणसाकडे गेले. त्याची हत्यारे मोजकी होती: लाकडी शिडी, बादली, कमावलेले मऊ कातडे आणि काच कोरडी करायला लिननचा तुकडा. १९३६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या ओकलंड येथे एत्तोरे स्टेकोने या इटलीहून आलेल्या कारागिराने पितळी मुठीचा, एकाच रबरी पट्टीचा हलका वायपर बाजारात आणला आणि हळूहळू कातड्याचे काम बरेचसे वायपरकडे गेले. योगायोगाने त्याच वर्षी जॉर्ज फॉर्म्बी या ब्रिटिश विनोदी नटाचे खिडक्या पुसणाऱ्यावरचे गाणे एका चित्रपटातून आले आणि अफाट लोकप्रिय झाले. गाण्यातला नायक शिडीवरून लोकांच्या शयनगृहांत डोकावतो आणि काय दिसले ते मिस्कीलपणे सांगतो. ब्रिटिश लोकमानसात खिडक्या पुसणाऱ्याची जी प्रतिमा रुजली ती बऱ्याच अंशी ही आहे. त्याने आत काय पाहिले याचे सर्वांना कुतूहल. काच पुसताना त्याच्या बोटांचे काय होते, हा प्रश्न गाण्याच्या बाहेरचा.

शिडी-बादलीच्या त्या काळातही थंडी होतीच. काचेवर पाणी पसरले की क्षणात त्याची साय धरे. मग बादलीत मीठ किंवा स्पिरिट घालायचे, गरम पाणी मागून घ्यायचे, आणि बोटे बधिर झाली की खिशात घालून उबवायची. हाल होते, पण ते दिवसाचे होते. संध्याकाळी बादली पालथी घातली, शिडी भिंतीला टेकवली, की अवजाराला थंडीचे भय उरत नसे. लाकूड, पितळ आणि कातडे एका रात्रीच्या हिमाने फुटत नाहीत. थंडी सोसत होते ते माणसाचे शरीर, आणि सर्वांत मोठी भीती होती ती शिडीवरून पडण्याची. हा मुद्दा आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे बदलले ते नेमके इथे बदलले.

तो बदल घडवणारी कल्पना वरवर अगदी साधी आहे. साधे नळाचे पाणी काचेवर वाळले की पांढुरके ठिपके उरतात. ते ठिपके पाण्याचे नसतात, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे असतात. पाण्यातले क्षार जवळजवळ पूर्णपणे काढून टाकले, तर काच पुसून कोरडी करण्याची गरजच राहत नाही. पाणी वाळते आणि मागे काही उरत नाही. म्हणजे माणसाने काचेपर्यंत चढायला नको. लांब दांड्याच्या टोकाला ब्रश लावावा, दांड्यातून बारीक पाइपाने शुद्ध पाणी वर न्यावे आणि जमिनीवर उभे राहून तिसऱ्या-चौथ्या मजल्याची काच घासून धुवावी.

हे शुद्ध पाणी मिळवण्याची रीत महाराष्ट्रातल्या शहरी स्वयंपाकघरांना चांगली परिचित आहे. ‘आरओ’ आणि ‘टीडीएस’ ही अक्षरे आता मराठीच झाली आहेत. दाब देऊन पाणी एका अतिसूक्ष्म पडद्यातून पार करायचे, क्षार अलीकडे राहतात. हा पडदा व्यवहारात उपयोगी पडेल असा बनवला तो १९६० च्या सुमारास, लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी. हेतू होता खारे पाणी पिण्याजोगे करण्याचा. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्याच कोअलिंगा या गावात असे पाणी गावाला पुरवणारे संयंत्र सुरू झाले. तहान भागवण्यासाठी निघालेले तंत्र काही दशकांनी खिडक्या पुसणाऱ्याच्या व्हॅनमध्ये येऊन बसले. तिथे आरओच्या पडद्यातून आलेले पाणी पुढे रेझिनच्या नळकांड्यातून नेतात आणि उरलेसुरले क्षारही काढून घेतात. पिण्याच्या पाण्यात थोडे क्षार असलेले चालतात, असावेतही. काचेसाठीच्या पाण्यात ते शून्याच्या जवळ लागतात.

या दांड्यांच्या प्रसाराला कायद्याचा हातभार लागला. उंचीवरच्या कामाविषयी युरोपीय संघाने २००१ साली एक निर्देश काढला आणि त्याला अनुसरून ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २००५ पासून उंचीवरील कामाचे नियम अमलात आले. त्यांतले पहिले तत्त्व असे, की जे काम उंचीवर न चढता करणे व्यवहारतः शक्य आहे, ते चढून करू नये. शिडीवर बंदी आली असा समज पसरला होता, तो खरा नाही. योग्य कारण असेल आणि काम थोड्या वेळाचे असेल तर शिडी चालते. पण जमिनीवरून काम करण्याचा मार्ग उपलब्ध झाल्यावर शिडीचे समर्थन करणे अवघड झाले. १८४७ च्या कायद्याने घरमालकाला दंड सांगितला होता. आता दीडशेहून अधिक वर्षांनी प्रत्यक्ष चढणाऱ्या माणसाचा जीव हा नियमाचा विषय झाला. ही प्रगती आहे, आणि तिच्याविषयी आम्हाला कसलीही शंका नाही.

परंतु जोखीम नाहीशी झाली असे मात्र म्हणता येत नाही. तिचा एक भाग दुसरीकडे गेला. शिडी आणि बादलीच्या जागी आता एक फिरते यंत्रघर आले. व्हॅनच्या मागच्या भागात पक्की बांधलेली पाण्याची टाकी, कित्येकदा पाचशे लिटरांची, म्हणजे अर्धा टन वजनाची. तिला जोडलेला बारा व्होल्टचा पंप, त्यासाठी वेगळी बॅटरी, गाळण्या, आरओचा पडदा, रेझिन, झडपा, आणि रिळावर गुंडाळलेला शंभर मीटरचा बारीक पाइप. हे सगळे पाण्याने भरलेले असते. बादलीप्रमाणे ते पालथे घालता येत नाही.

इथे थोडे विज्ञान सांगणे भाग आहे, आणि ते मराठी शाळेतून आलेल्या वाचकाला सर्वस्वी नवे नाही. पाण्याचे असंगत आचरण आणि होपचे उपकरण आपण पाठ्यपुस्तकात शिकलो. पाणी थंड करत गेले तर ४ अंश सेल्सियसला ते सर्वांत दाट होते. त्याखाली ते पुन्हा प्रसरण पावू लागते आणि गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. थॉमस चार्ल्स होप यांनी हा प्रयोग एडिंबरोमध्ये केला, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. त्यांच्या आधी त्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारे जोसेफ ब्लॅक यांनी १७६० नंतरच्या काही वर्षांत, ग्लासगोमध्ये असताना, अप्रकट उष्म्याची कल्पना मांडली होती. बर्फ होताना पाणी उष्णता बाहेर टाकत राहते आणि ती पूर्ण निघून जाईपर्यंत त्याचे तापमान शून्यावरच थांबते. हे दोन्ही सिद्धान्त स्कॉटलंडच्या थंडीत तयार झाले आणि आज त्याच थंडीत व्हॅनमधली प्रत्येक वस्तू त्यांना अनुसरून फुटते किंवा वाचते.

एक किलो पाणी शून्य अंशावर पूर्ण गोठायला जेवढी उष्णता बाहेर जावी लागते, तेवढीच ते ८० अंशांवरून शून्यावर यायला जाते. म्हणून पाचशे लिटरांची टाकी ब्रिटनमधल्या साध्या हिमरात्रीत सहसा गोठत नाही. तिच्या पोटात उष्णतेचा मोठा साठा असतो. बारीक पाइपात, पंपाच्या डोक्यात, झडपेत मात्र ओंजळभर पाणी असते आणि त्याच्यापाशी साठा काहीच नसतो. ते काही तासांत गोठते. फुगायला जागा नसेल तर प्लॅस्टिकचे कवच तडकते. आरओचा पडदा गोठून फाटला तर तो दुरुस्त होत नाही, नवाच घ्यावा लागतो. ही भेग रात्री कळत नाही, कारण बर्फानेच ती बुजवलेली असते. सकाळी ऊन लागून बर्फ वितळला, पंप चालू केला, की मग पाणी गळू लागते. म्हणून जाणते लोक गोठलेला पंप जबरदस्तीने चालवत नाहीत आणि त्यावर उकळते पाणीही ओतत नाहीत. व्हॅन आतून हळूहळू उबदार होऊ देतात. तेवढ्यात अर्धा दिवस गेलेला असतो.

या सगळ्यात एक विचित्र विरोध आहे. जुन्या काळचा माणूस बादलीत मूठभर मीठ टाकून गोठणबिंदू खाली आणू शकत होता. आजच्या माणसाला ती सोय नाही, कारण त्याच्या पाण्याची धारच त्याच्या शुद्धतेत आहे. मीठ किंवा मोटारीत घालतात ते गोठणरोधक द्रव्य टाकले, तर काचेवर डाग उरणार आणि सारा खटाटोप व्यर्थ जाणार. शुद्ध पाणी नळाच्या पाण्यापेक्षा फार लवकर गोठते, असा एक समज आहे. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी गोठणबिंदूत पडणारा फरक अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो, व्यवहारात तो नसल्यासारखाच. खरी अडचण वेगळी आहे. ज्या पाण्यात काहीही मिसळायचे नाही, त्याचे रक्षण बाहेरूनच करावे लागते.

आणि बाहेरून रक्षण म्हणजे रात्रीचे श्रम. यातला सर्वांत खात्रीचा उपाय फुकटचा आहे, फक्त वेळ खाणारा: जिथून पाणी काढता येईल तिथून ते काढून टाकणे, झडपा अर्ध्या उघड्या ठेवणे, म्हणजे उरलेल्या पाण्याला फुगायला वाव राहतो. ज्यांना शक्य आहे ते व्हॅन गॅरेजमध्ये घेतात. बाकीचे ती घराच्या भिंतीलगत, वाऱ्याच्या आडोशाला उभी करतात. टाकीभोवती आणि पाइपांवर उष्णता अडवणारी आवरणे गुंडाळतात. काचघरातली रोपे जगवण्यासाठी मिळणारे नळीच्या आकाराचे कमी वॅटचे हीटर थर्मोस्टॅट लावून रात्रभर चालू ठेवतात. साठ वॅटचा हीटर बारा तास चालला तर पाऊण युनिटही वीज लागत नाही. मोठा, गरम हवा फेकणारा हीटर कापडाच्या आणि वायरींच्या गर्दीत ठेवला तर आगीचे भय. गॅसवर किंवा रॉकेलवर चालणारा उघड्या ज्योतीचा हीटर बंद व्हॅनमध्ये लावणे तर प्राणघातक ठरू शकते, कारण त्याने कार्बन मोनॉक्साइड साचतो. बाहेर ओढलेली विजेची वायर ओल्या हिवाळ्यात कुठून नेली आहे, तिला शॉक-प्रतिबंधक स्विच आहे की नाही, हेही पाहावे लागते. जे सहज सुटते ते घरात आणायचे. म्हणून हिवाळ्यात अशा घरांच्या स्वयंपाकघरात किंवा जिन्याखाली पाइपाची रिळे आणि गाळण्या येऊन बसतात, आणि ती ओलांडून जाणे ही घरातल्या सगळ्यांचीच सवय होते.

२०१० सालचा डिसेंबर ब्रिटनमध्ये त्यापूर्वीच्या शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. अशा महिन्यात रात्रीची राखण करूनही दिवसाचे काम होत नाही. काचेवरून ओघळलेले पाणी पायवाटेवर पडून गोठते आणि त्यावरून कोणी घसरले तर जबाबदारी पाणी टाकणाऱ्यावर येते. खिडक्या पुसणारे बहुतेक लोक एकटे किंवा दोघे-तिघे मिळून धंदा करतात. त्यांना काम नाही तर कमाई नाही. हिवाळ्याची झळ त्यांना दोनदा बसते: गोठलेला दिवस बुडतो आणि त्याआधीची रात्र मोजलीच जात नाही.

या न मोजलेल्या रात्रीकडे पाहताना आम्हाला वाफेच्या इंजिनांची आठवण होते. ब्रिटिश रेल्वेच्या जुन्या काळात इंजिनांना पाणी देणाऱ्या उंच नळांच्या पायथ्याशी हिवाळ्यात लोखंडी शेगड्या पेटवून ठेवत, म्हणजे नळ गोठत नसत. इंजिन रात्री शेडमध्ये विसावले की त्याची आग काढणारे, पहाटे नव्याने पेटवून वाफ धरणारे, असे वेगवेगळे कामगार पाळीवर असत आणि त्यांच्या पदांना नावे होती. निजलेल्या अवजाराची राखण हे तिथे एक काम होते. त्याची पाळी होती, पगार होता, संघटना होती. अवजार लहान झाले, व्हॅनमध्ये मावू लागले, तेव्हा ते काम संपले नाही. त्याचे नाव आणि पगार तेवढे गेले.

राजकीय अर्थशास्त्र वाचणाऱ्यांना हा विषय अनोळखी नाही. ‘भांडवला’च्या १८६७ च्या पहिल्या खंडात मार्क्सने यंत्राच्या झिजेचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक वापराने होणारी आणि दुसरी न वापरता, निसर्गशक्तींमुळे होणारी. एंगल्सने १८८५ साली संपादित केलेल्या दुसऱ्या खंडात आणखी एक निरीक्षण येते: यंत्रांची साफसफाई कामगार आपल्या विश्रांतीच्या वेळात, फुकट करतात, आणि अपघातांचे ते एक मोठे कारण ठरते. खिडक्या पुसणाऱ्याच्या बाबतीत हे सूत्र लागू करताना एक अडचण येते. इथे मालक आणि कामगार एकच आहे. फुकट काम कोणी करून घेतले, असे विचारायला समोर कोणी नाही. ब्रिटनमधले कामाच्या तासांचे १९९८ चे नियम नोकरीतल्या कामगारांना लागू होतात. स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या तासांची मोजदाद ते करत नाहीत. गिऱ्हाईक एका घराच्या खिडक्यांचे ठरलेले पैसे देते. त्या दरात आदल्या रात्रीचा हीटर आणि पहाटेची जाग धरलेली आहे का, हे त्यालाही ठाऊक नसते आणि अनेकदा घेणाऱ्यानेही त्याचा हिशेब केलेला नसतो.

यावर एक आक्षेप घेता येईल. शिडीवरून पडून मरण्यापेक्षा रात्री पंपावर पांघरूण घालणे शतपट बरे, मग तक्रार कशाची? आक्षेप रास्त आहे. शिडीचा काळ परत यावा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतिहासलेखनाविषयी आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा अवजार चालू असतानाचा लिहितो: त्याने काय साधले, किती वेळ वाचवला, किती जीव वाचवले. अवजार बंद असतानाचा इतिहास लिहिला जात नाही. पण नाजूक अवजारांच्या जगात बंद असण्याचा काळही श्रमाने भरलेला असतो आणि तो श्रम घरात, अंधारात, बिनमोबदला होतो. जीव वाचला ही जमेची बाजू, रात्र गेली ही खर्चाची. पहिली नोंदवली की दुसरी नोंदवायची गरज नाही, असे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

मराठीत या कामाला एक चांगला शब्द आहे: राखण. पीक उभे असते तेव्हा शेतकरी माळ्यावर बसून रात्र काढतो. त्या रात्री तो पेरत नाही की कापत नाही, तरी ते काम आहे हे गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नाशिक जिल्ह्यात निफाडच्या बाजूला थंडीची लाट आली की द्राक्षबागांचे मालक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, वेलींना पाणी सोडतात, मणी तडकू नयेत म्हणून. तिथे पाणी थंडीपासून वाचवते आणि ब्रिटनमधल्या व्हॅनमध्ये पाण्यालाच थंडीपासून वाचवावे लागते. पण पहाटे उठणारा माणूस दोन्हीकडे सारखाच आहे आणि दोघांच्याही मालाच्या भावात ती पहाट दिसत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे सारे का वाचावे, असा प्रश्न शेवटी उरतो. नारायण सुर्व्यांच्या कवितेने कामगाराला मराठी काव्यात हक्काची जागा मिळवून दिली. तेव्हापासून श्रमाकडे पाहण्याची आपली नजर बदलली, हे खरे. तरीही आपल्या डोळ्यांपुढे श्रमाचे चित्र येते ते कारखान्याच्या भोंग्यापासून भोंग्यापर्यंतचे. भोंगा नसलेल्या, एकट्याने करायच्या, काही निर्माण न करता केवळ काही मोडू न देण्याच्या कामासाठी आपल्यापाशी वाङ्मयीन भाषा तोकडी आहे. पुढच्या वेळी वर्गात खिडकीची प्रतिमा समजावून सांगताना, ती काच कोणी पुसली एवढे विचारून थांबू नये. पुसणाऱ्याचे अवजार काल रात्री कोणी सांभाळले, हेही विचारावे. उत्तर बहुतेक वेळा एकच येईल: त्यानेच, जेवणाआधी, अंधारात.